दीड तासाची मुलूखगिरी

वडशाच्या रेल्वे फाटकाजवळचं वहाबभाईंचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान अजून रोज उघडतं, एवढंच. टीव्ही बिघडला की लोक आता सरळ दुसरा आणतात. बायको खैरुन जाऊन चार वर्षं झाली. एकुलती मुलगी रूही नागपूरला नांदते. वहाबभाई सकाळी दहाला शटर वर करतात, दीडला खाली ओढतात, घरी येऊन सकाळचंच वरण गरम करतात आणि जेवताना रेडिओ लावून ठेवतात. काय चाललंय ते ऐकत नाहीत. घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून लावतात.

गेल्या हिवाळ्यात कपाट आवरताना त्यांना ओढणीत गुंडाळलेलं एक यंत्र सापडलं. टीव्हीला जोडायचा जुना व्हिडिओ गेम, रूही शाळेत असताना आणलेला. रूहीचं लग्न झालं आणि तो खैरुनकडे राहिला. दुपारी ती त्यावर काहीबाही खेळते, हे वहाबभाईंना ठाऊक होतं. "इस उमर में गुड्डे-गुड्डी?" असं एकदा ते हसून म्हणालेही होते. तिनं नुसता पदर सावरला होता.

यंत्र चालू होईना. एक तार सुटली होती. ते काम पंधरा मिनिटांचं. पण खेळाची कॅसेट उघडली तर आत नाण्याएवढी बॅटरी. खेळ कुठवर आलाय ते लक्षात ठेवायचं काम तिचं, आणि तिचा दम संपत आलेला. सरळ काढली असती तर खैरुननं खेळलेलं सगळं पुसलं गेलं असतं. वहाबभाईंनी बाहेरून दुसऱ्या सेलच्या तारा जोडून आतला करंट जिवंत ठेवला, जुनी बॅटरी उचकटली आणि नवी डाग देऊन बसवली.

पडद्यावर एक काळा किल्ला उभा राहिला. त्याच्या दारात चार चिमुकली माणसं, एकामागे एक. खाली नावं. नावाला चारच इंग्रजी अक्षरं मिळत होती, त्यामुळं काही अर्धीमुर्धी बसलेली, पण वाचता येत होती. खैरुन, रूही, कला आणि चंदा. कला म्हणजे शेजारच्या कलाबाई. चंदा ही खैरुनची आरमोरीची लहानपणची मैत्रीण. वहाबभाईंनी नावं दोनदा वाचली. त्यांचं त्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कलाबाई सुपात लाखोळीची डाळ निवडत दारात येऊन बसल्या आणि आतला टीव्ही बघून थबकल्या.

"अगा माय! हा तं भाभीचा खेळ. तुमाले येते काय हा?"

"नाई येत. शिकून राह्यलो," वहाबभाई म्हणाले.

खैरुनच्या खेळाला हात लावायचा त्यांचा धीर होईना. कॅसेटमध्ये आणखी एक खेळ साठवायची जागा रिकामी होती, तिथं त्यांनी स्वतःचा नवा खेळ सुरू केला. पहिले दोन दिवस त्यांना यात मजा काय तेच कळलं नाही. चालायचं, रानात काहीतरी अंगावर यायचं, त्याच्याशी लढायचं, परत चालायचं. एका बेडकानंही त्यांना लोळवलं. मग हळूहळू ध्यानात येऊ लागलं. प्रत्येक लढाईनंतर अंगात रतीभर बळ वाढायचं. आठवड्यापूर्वी ज्या पुलाशी जीव जायचा, तो पूल आता सहज ओलांडता यायचा. नव्या गावात शिरलं की घरोघरी जाऊन माणसांशी बोलता यायचं, आणि ती माणसं कितीदाही विचारा, न कंटाळता बोलायची. कुणी सांगायचं, पूर्वेला विहिरीत काहीतरी आहे. खरंच असायचं. नकाशाचा काळा भाग पावलापावलानं उजळत जायचा. आणि मागून तिघं जण मुकाट्यानं येत असायचे. आपण थांबलो की तेही थांबायचे.

खैरुनचं माहेर आरमोरी, सासर वडसा. रूहीच्या बाळंतपणाला एकदा नागपूर. याच्यापलीकडे ती कुठं गेली होती, हे वहाबभाईंनी आठवून पाहिलं. आठवलं नाही.

एका दुपारी ते बर्फाच्या डोंगरापर्यंत पोचले आणि लाईट गेली. परत आली तेव्हा ते तीन गावं मागे, एका सराईत, म्हणजे खेळातल्या धर्मशाळेत, झोपलेले. सराईत मुक्काम केला तरच खेळ तिथवर लक्षात राहायचा. मधेच बंद झाला की सगळी वाट वाया. वहाबभाई रिमोटसारखं ते खेळणं हातात धरून बसून राहिले. त्यांना दीड वाजताची आपली हाक आठवली. "खैरुन, खाना!" हाकेसरशी टीव्ही बंद व्हायचा.

"कलाबाई, मी आवाज देत होतो तवा तिचं असंच वाया जात होतं काय?"

"नाई भाऊ. पह्यले दोन-तीनदा गेलं. मंग ते घड्याळ पाहून खेळे. एक वाजला का वापस गावात. स्वयंपाक आटपून बाराले बसे, तुमी यायच्या आधी झोपवून ठेवे समद्यायले."

जेवून वहाबभाई त्याच खोलीत चारपर्यंत झोपत. संध्याकाळी बातम्या. म्हणजे तिला रोज दीड तास मिळायचा. त्यात अर्धा तास परतीचा.

"मंग त्या किल्ल्यात काऊन नाई गेली? ताकद तं केवढी हाये तिच्यात."

कलाबाईंनी सुपातला एक खडा बाजूला टाकला. "सराय दारातच हाये, आत नाई म्हने. एकदा घुसलं का तीन घंटे बाहेर निघता येत नाई. तिले तीन घंटे कुठी भेटे?"

मग वहाबभाईंनी विचारलंच, "माह्यं नाव काऊन नाई टाकलं?"

"टाकलं होतं ना! मंग काढलं. म्हने, त्याईले जंगलात कायले फिरवू, त्याईले भूक लागते."

वहाबभाई हसले. मग उठून मोरीत गेले आणि तोंडावर पाणी मारून आले.

महिनाभर त्यांनी स्वतःच्या खेळावर हात बसवला. मग एका रविवारी दुकान न उघडता, सकाळी नऊलाच इन्व्हर्टर लावून ते खैरुनच्या खेळात शिरले. तिची माणसं तयार होती. पंधरा वर्षं रोज दीड-दीड तास खेळून त्यांना तिनं इतकं बळकट केलं होतं, की किल्ल्यातली मोठमोठी जनावरं एका फटक्यात आडवी व्हायची. तरीही पहिल्यांदा अंधाऱ्या जिन्यात वाट चुकून चौघी गारद झाल्या. वहाबभाईंनी पुन्हा दारापासून सुरुवात केली. कलाबाई मधे येऊन गेल्या, "भाऊ, रुईले मागं ठेवा, ते मलमपट्टी करते," असं सांगून गेल्या, नातवंडांचा स्वयंपाक होता त्यांना. शेवटचा राक्षस पडला तेव्हा अडीच वाजले होते. वहाबभाई घरात एकटे होते.

संगीत सुरू झालं. पडद्यावर एकेक गाव येऊ लागलं. कोळी, विहिरीवरच्या बाया, सराईचा मालक, सगळे बाहेर येऊन हात हलवत होते. मग काळ्या पडद्यावर 'समाप्त' अशा अर्थाचे दोन शब्द येऊन थांबले. त्यांनी सगळी बटणं दाबून पाहिली. पुढं काही नव्हतं.

त्यांनी रूहीला फोन लावला. "बेटा, तेरी अम्मी का किल्ला हो गया."

पलीकडे मुलांचा गोंगाट होता. "कौनसा किल्ला, अब्बू?"

"कुछ नहीं. फुरसत में बताता हूँ."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी यंत्र चालू केलं. चौघी जशाच्या तशा किल्ल्याबाहेर उभ्या. खेळाच्या लेखी काल काही घडलंच नव्हतं. कलाबाई सूप घेऊन आल्या तेव्हा वहाबभाईंनी त्यांना किल्ल्याकडे पाठ करून उत्तरेकडे वळवलं होतं.

"तिकडं काय हाये?" कलाबाईंनी विचारलं.

"मालूम नाई. नकाशात समुद्र दिसून राह्यला. पाहून येतो."