सोवळ्यातला नास्तिक

"अगं, हात लावू नकोस! सोवळ्यात आहे सगळं."

सरांचे हे शब्द माझ्यासाठी होते. माझा हात समईपासून वीतभर दूर होता. वात घसरून तेलात बुडत होती. आमच्या घरी विझणारी वात जो जवळ असेल तो सावरतो. त्या सवयीने हात पुढे गेला. आणि रेशमी कद नेसलेले सर दोन पावले मागे सरकले. माझा स्पर्श होऊ नये म्हणून.

सरांनी मला महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. बोरिवलीतल्या एका वाचनालयाच्या खोलीत दर रविवारी ते नास्तिकांचे मंडळ चालवीत. मी शाळेत विज्ञान शिकवू लागल्यावरही तिथे नियमाने जात होते.

त्यांचा पहिला पाठ मला आजही तोंडपाठ आहे. एखादी गोष्ट 'आहे' असे केव्हा म्हणावे? तिचा परिणाम दाखवता आला तर. मी कोळ्याची मुलगी, मी म्हणाले, "वारा दिसत नाही, पण शीड फुगतं." सर खूश झाले. "शाब्बास! आता अशीच देवाची खूण दाखव." मला दाखवता आली नाही. मी प्रामाणिकपणे हरले आणि नास्तिक झाले. त्यात कुणाची फसवणूक नव्हती.

फसवणूक पुढे झाली.

खाडीकाठच्या आमच्या कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला होडीची पूजा होते. आमच्या घरात होडीला कुंकू लावण्याचा मान थोरल्या मुलीचा, म्हणजे माझा. त्या वर्षी सर म्हणाले होते, "घरात देव आणि सभेत तर्क, हे चालणार नाही. नास्तिकाला दोन तोंडं नसतात." म्हणून साऱ्या वाड्यासमोर मी कुंकवाचे ताट हातात घेतले नाही. मावशी ओरडली, "काय गो, शिकलीस म्हंजे बापाची लाज काढशील?" बाबा तेवढे शांत होते. ते म्हणाले, "देव नाय तं नाय, पोरी. पन मी हाय ना?"

मी तरीही हात पुढे केला नाही. बाबांनी स्वतःच कुंकू लावले. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नव्हते.

सरांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "लिहून आण. येत्या सभेत वाचू. असं उदाहरण शोधून मिळत नाही." मी चार पाने लिहिली. शाळेला सुट्टी होती, म्हणून दाखवायला त्यांच्या घरी गेले. ती सुट्टी गणेश चतुर्थीची होती. सरांच्या घरी गणपती असेल, हे माझ्या मनातही आले नाही.

त्या दिवशी सरांनी मला समईपासून दूर, दाराजवळच्या खुर्चीवर बसवले. पाने दुरूनच टेबलावर ठेवायला सांगितली. प्रसाद कागदी ताटलीत आला. घरातल्यांची जेवणाची पाने आत मांडली होती. दर रविवारी हस्तांदोलन करणाऱ्या या माणसाने निघताना मला लांबूनच हात जोडले.

रविवारच्या सभेत सरांनी विषय मांडला: 'देव असणे म्हणजे काय?' मग माझे नाव पुकारले. मी उभी राहिले. सरांनी वाचून परत दिलेली पाने हातात होती, पण उघडली नाहीत.

"सर, परिणाम दाखवता आला तर ती गोष्ट आहे, असं तुम्ही शिकवलंत. चतुर्थीला तुम्ही मला पाहून मागे सरकलात. तो परिणाम कशाचा?"

ते हसले. "अगं, ती श्रद्धा नाही, रीत आहे. आई शहाऐंशी वर्षांची आहे माझी. तिचं मन मोडायचं का?"

"माझे वडील त्र्याहत्तर वर्षांचे आहेत, सर. त्यांचं मोडायला तुम्हीच सांगितलंत."

मागून एक जण म्हणाला, "मॅडम, पर्सनल कशाला घेताय यार? वाद तत्त्वाचा चाललाय ना!" दोघे-तिघे हसले. सर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "वाच तू. छान लिहिलंयस."

"नाही वाचणार."

पाने घेऊन मी बाहेर पडले. पुन्हा तिथे गेले नाही.

सरांचा देव आकाशात नाही, हे मला मान्य आहे. मात्र तो त्यांच्या घरात आहे. कोण आत जेवेल आणि कोण दाराशी बसेल, हे तो ठरवतो. त्याच्यासाठी सरांना श्रद्धाही लागत नाही. त्यांना फक्त मागे सरकावे लागते.

त्याच संध्याकाळी मी बाबांसमोर बसले. ते जाळे दुरुस्त करत होते. मी म्हणाले, "देव मी मानत नाही, आणि पुढेही मानणार नाही. पण दुसऱ्याच्या सांगण्यावरून तुम्हाला चारचौघांत एकटं पाडलं, ते चुकलं." ते गाठी मारत राहिले. मग मी दुसरे वाक्यही बोलले, कारण तेही खरे होते: "पाळीच्या दिवसांत मला होडीवर चढू देत नव्हता, तेही चूकच होतं." त्यांचा हात थांबला. ते उठून बाहेर गेले.

मी त्यांना परत बोलावले नाही. यापुढे माझा पहिला नकार माणसाला दूर बसवणाऱ्या माणसाला असेल. देवाचा विचार त्यानंतर. समोर बाप असो वा गुरू, हा क्रम मी बदलणार नाही.