तीन दुकानांचा सहामाही ताळेबंद

दादा मुंबईहून कॉमर्स शिकून घरी आला, तेव्हा मला आनंद झाला नाही. खोटं कशाला बोलू? मला त्याचा हेवा वाटला, आणि तो उंबऱ्यात असतानाच वाटला.

बाबा मालवणात एका पेढीचे हिशेबनीस होते. पेढीची दुकानं तीन, मालवण, देवगड आणि बांदा. वर्ष दिवाळी ते दिवाळी, पण मुंबईचे भागीदार तोवर थांबायला तयार नसत. बँकेला दाखवायला त्यांना चैत्रात तिन्ही दुकानांचा मिळून एकच सहामाही ताळेबंद लागे. देवगड-बांद्याचे कागद एसटीने आले की बाबा ते घरी आणत आणि मला बेरजेला बसवत. विक्रीखाली विक्री, शिल्लक मालाखाली शिल्लक माल. बेरीज झाली की खरं काम सुरू होई. आपल्या एका दुकानाने दुसऱ्याला जे विकलं ते शोधून वजा करायचं. तो माल अजून गिऱ्हाइकाच्या घरी गेलेला नसेल, तर त्यावर धरलेला नफाही काढून टाकायचा. मॅट्रिकनंतर माझं शिक्षण थांबलं होतं. वर्षातले ते चार दिवस मी स्वतःला कोणीतरी समजत असे.

त्या चैत्रात बाबांनी माझ्या हातातली पेन्सिल घेऊन दादाला दिली.

“आता हो करतलो. तू चाय ठेव गो.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दादाच्या चहात साखर कमी घातली. तेवढंच माझ्या हातात होतं, आणि त्याला ते कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कपबश्या उचलताना मी त्याच्या कागदावरून नजर फिरवली. आंब्याच्या पेट्या बांधायला मालवणहून देवगडला काथ्याची दोरी गेली होती. त्यातली निम्म्याहून जास्त देवगडच्या गोदामातच पडून होती, तरी मालवणने तिच्यावर लावलेला नफा दादाने तसाच धरला होता. मी एक वाक्य बोलले असते तर भागलं असतं. बोलले नाही. कापलं जाऊ दे ह्याचं नाक भागीदारांसमोर, मग कळेल बाबांना, असं म्हणत आत गेले. खरं सांगते, फार बरं वाटलं.

ताळेबंदावर सही बाबांची असे, हे मात्र त्या आनंदात माझ्या ध्यानात आलं नाही.

पंधरवड्याने त्यांतले एक भागीदार स्वतः आले. आमच्या पडवीत बसून त्यांनी तो कागद बाबांपुढे धरला.

“अहो, आपल्याच दुकानाला माल विकून नफा कसला? आता बँकेला काय तोंड दाखवू मी?”

बाबांनी कागदावरच्या दोरीच्या आकड्यावर बोट ठेवलं. दादा आतल्या खोलीतच होता. त्याचं नाव त्यांनी घेतलं नाही.

“माझी चूक झाली,” एवढंच म्हणाले.

त्यानंतर एकत्र ताळेबंद मुंबईतच होऊ लागला. बाबांकडे फक्त मालवणच्या दुकानाची वही उरली. दादा मुंबईला नोकरीला लागला. मला त्याचा तेव्हाही हेवा वाटला, कारण तो निदान दूर होता.

पुढच्या चैत्रात एसटीने आमच्याकडे काहीच आलं नाही. बाबा पडवीत नुसते बसून होते. मी जवळ गेले तशी म्हणाले, “तू बसलां असतंस तर ह्यां झालां नसतां गो. तुझ्या नजरेतसून सुटलां नसतां.”

सुटलं नव्हतंच. पण ते मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.