सिगावेची हद्द

ट्रेसरबाई बसत नसत. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, शेंगा सोलणंसुद्धा ओट्यापाशी उभ्यानं. उंच टेबलापाशी उभं राहून आयुष्यभर नकाशे उतरवले, आता गुडघ्यांना दुसरं काही येतच नाही, असं त्या सांगत. मी नाशिकहून नोकरीसाठी म्हैसूरला आले आणि नजरबादेत त्यांच्या घराची वरची खोली भाड्यानं घेतली. पहिल्या दिवशी त्यांनी मला खुर्ची दिली आणि माझ्याभोवती गोल फिरत चौकशी केली. दहा मिनिटांत माझी मान दुखायला लागली.

गल्ली त्यांना ट्रेसरबाई म्हणायची, मी मावशी. एका सरकारी कचेरीत त्या ट्रेसर होत्या, म्हणजे मोजणीदार शेतांतून हिंडून नकाशा काढणार आणि मावशी त्यावर पारदर्शक कागद ठेवून शाईनं त्याची हुबेहूब नक्कल करणार. त्यांचं घराणं चार-पाच पिढ्या म्हैसूरचं. वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि मध्येच कानडीत उतरायचं. "सुम्ने काय बसलीस, बेगा खाली ये!" ही त्यांची हाक. मी रिकामी कधीच बसलेली नसे, पण त्यांच्या हिशेबी बसणं म्हणजे रिकामंच. मी हसले की म्हणत, "हस, हस. तुझं मराठी इस्त्रीचं आहे गं. आमचं रोज नेसायचं."

निवृत्तीनंतर त्यांचे हात शिवशिवायचे. मग रविवारी माझ्या लॅपटॉपवर जगाचे नकाशे बघायचे, तेही स्क्रीनवर भिंग धरून. चित्र मोठं करता येतं, हे मी निदान वीस वेळा सांगितलं असेल. "तुझं मोठं वेगळं, माझं मोठं वेगळं," म्हणाल्या. अशाच एका रविवारी फिजी आणि सामोआ यांच्या मधल्या समुद्रात त्यांना फुतुना बेट सापडलं. एवढंसं बेट, सत्ता फ्रान्सची, पण त्यावर दोन राजे. पूर्वेकडचं राज्य आलो, पश्चिमेकडचं त्याहून लहान ते सिगावे. नाव वाचून मला वाटलं, सातारा-कोल्हापूर रस्त्यावरचं गाव असावं. मावशींना मात्र एकच दिसलं. दोन राज्यं, म्हणजे मध्ये हद्द.

मी तीन नकाशे उघडले. खाली किनाऱ्याजवळ तिघांचं जमत होतं. डोंगरावर गेल्यावर तीन कागदांच्या तीन वाटा.

"नोडु, बघ!" मावशी ओरडल्या. "तीन कागद, तीन हद्दी. यारो, कुणीतरी एकानं चुकवलंय. मत्ते, आणि बाकीचे त्याच्यावरून उतरवत बसले." त्या टेबलाभोवती फेऱ्या मारायला लागल्या. त्या फेऱ्या पुढे दोन वर्षं चालल्या.

सिगावेचा एक खरा नकाशा काढायचा, असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी सिगावे समजून घ्यायला हवं, आणि समजून घ्यायला मी आयतीच वर राहत होते. ऑफिसातून थकून यावं, तर मावशी जिन्यात उभ्या. "पुकेवरून उतरणारे ओढे किती, बघितलंस?" पुके म्हणजे तिथला मोठा डोंगर. हळूहळू मलाही ते बेट पाठ झालं. लांबरुंद खाजण नाही, प्रवाळाची कड किनाऱ्यालाच चिकटलेली, त्यामुळे होडी लावणं कठीण. जहाजाचा धक्का सिगावेत, लेआवा गावाला. विमानाची धावपट्टी मात्र आलोत. "म्हणजे तांदूळ यायचा ह्यांच्या दारातून आणि पाहुणा त्यांच्या दारातून," मावशी म्हणाल्या. "भांडून राहतील कुठं?" ओढ्यांचं पाणी पाटानं वळवून सिगावेत अळूची शेती करतात, पायऱ्यापायऱ्यांची, चिखलातली. त्याचा फोटो दाखवला तेव्हा त्या कितीतरी वेळ भिंग धरून होत्या. "भातच की गं हे. वरुण्याकडचं भात." वरुणा म्हणजे म्हैसूरजवळचं गाव. एवढं बोलून त्या एकदम आत निघून गेल्या. मला वाटलं, गॅसवर काही राहिलं असेल.

इतिहास त्यांना माझ्याकडून ऐकायचा असे, मी वाचायचं आणि त्यांनी खोली मोजत फिरायचं. दोन्ही राज्यांच्या जुन्या लढाया. जिंकलेल्यांना एक नाव, हरलेल्यांना दुसरं. शेवटच्या मोठ्या लढाईत सिगावे हरलेल्यांत. त्याच सुमारास मिशनरी आले, मग फ्रेंच. आता तिथली मुलं कामासाठी न्यू कॅलेडोनियाला जातात आणि तिथंच राहतात. "आमच्यासारखी," मावशी म्हणाल्या. पण लढाईचं पान त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. "हरल्यावर हद्द कोण सांगतो? जिंकलेला. हरलेल्याला कोण विचारतो, तुझी कुठं होती म्हणून?" आवाज चढला होता. समुद्रापलीकडच्या, शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या हद्दीसाठी ही बाई एवढी का पेटते, याचा मला तेव्हा राग यायचा. खरं सांगते, मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, बोगादीला फ्लॅट घेऊन गेले त्यात या राज्यांचाही थोडा हात होता. उपयोग झाला नाही. फोन होताच.

किनारा, ओढे, गावं, अळूचे मळे, सगळं मावशींनी शाईनं उतरवलं. इतकी सुबक रेघ मी पुन्हा पाहिली नाही. राहिली डोंगरावरची हद्द. शेवटी मी शोधाशोध करून सिगावेतल्या एका शाळामास्तरांचा पत्ता मिळवला, मावशींचा प्रश्न यंत्राकडून फ्रेंचमध्ये करून घेतला आणि पाठवला. दीड महिन्यानं उत्तर आलं. मावशींना मी ते मराठीत वाचून दाखवलं.

"वरची रेघ आमच्याकडे कागदावर नाही. माझे आजोबा आणि त्या बाजूचे एक म्हातारे मिळून डोंगरावर जात आणि एकमेकांना झाडं दाखवत. दोघेही वारले. आता जमिनीचा विषय निघाला की माणसं जपून बोलतात. बाई, तुम्ही रेघ ओढाल आणि उद्या कुणी ती खरी मानली, तर उत्तर द्यायला तुम्ही इथं येणार आहात का?"

मावशी थांबल्या. फिरायच्या थांबल्या. मला वाटलं, त्यांना अपमान वाटला. मी म्हणाले, "जाऊ द्या हो मावशी, एवढ्या लांबून त्यांना काय कळणार?"

"त्याला कळलंय," त्या म्हणाल्या. "मलाच इतकी वर्षं..." आणि मग त्यांनी सांगितलं.

नोकरीचं पहिलं वर्ष. वरुण्याकडच्या एका गावाचा नकाशा उतरवताना टाचणी निघाली, कागद सरकला आणि दोन शेतांमधला ओढा सरकलेल्या जागी उतरला. दुसऱ्या दिवशी मूळ कागद पाहताना त्यांच्या लक्षात आलं. तोवर नक्कल पुढे गेली होती. कुणालाच दिसलं नव्हतं. नवी नोकरी, घरात कमावणारं दुसरं कुणी नाही. त्या गप्प राहिल्या. "कागदावर केसाएवढं गं. जमिनीवर बैलगाडी जाईल एवढं." तेव्हापासून वरुण्याकडे त्या एकदाही गेल्या नव्हत्या. भाचीच्या लग्नालासुद्धा नाही. आणि दोन्ही शेतांचे नंबर त्यांना तोंडपाठ होते.

शनिवारी सकाळी वरुण्याकडे जायला मी स्कूटर काढली. मावशी मागे बसल्या, माझा खांदा घट्ट धरून. वाटेत दोनदा म्हणाल्या, "वापस जाऊ या का?" आणि मी वेग कमी केला की लगेच, "बेगा चल."

गावात विचारत विचारत पोचलो. ऊस उभा होता, पलीकडे भात, मध्ये ओढा. बांधावर साठीचा एक शेतकरी गवत कापत होता. मावशींनी कानडीत सगळं सांगितलं, न थांबता, पाठ केल्यासारखं. माणूस विळा हातात धरून ऐकत राहिला. चिडेल, ओरडेल, म्हणून मी स्कूटरची किल्ली मुठीत धरून उभी. तो एवढंच म्हणाला, "हे माझ्या आईला सांगा."

घराच्या पडवीत खाटेवर त्याची आई होती. नव्वदीची असेल, डोळे अधू, कान शाबूत. मावशींनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग बोलली ते मला कळलं तसं लिहिते.

"मोजणीवाल्यांनी कागद दाखवून ओढ्याच्या अलीकडे दगड रोवले. ती पट्टी शेजाऱ्यांकडे गेली. माझा नवरा रोज सकाळी तिथं जाऊन उभा राहायचा. आपली हद्द ओढा आहे, म्हणायचा, कागद खोटा आहे. सरकारचा कागद खोटा कसा असेल? गाव हसायचं. मी जेवण झाकून ठेवायची आणि ओरडायची, पुरे करा हे वेड. मरेपर्यंत म्हणायचा. मरताना मी त्याला म्हटलं, आता तरी सोडा."

"वेडे नव्हते ते," मावशी म्हणाल्या. "खोटी रेघ माझी."

म्हातारीनं हात पुढे करून मावशींचा पदर चाचपला, हात धरला. "तेव्हा का नाही आलीस गं?"

मावशींनी तिथंच कागद मागून घेतला आणि सगळं लिहून खाली सही केली, पूर्ण नावानिशी. तो कागद अजून कचेरीत फिरतो आहे. मावशी गेल्या वर्षी वारल्या, त्यामुळे आता खेटे मी घालते.

परतीच्या वाटेवर ऊन चढलं होतं. मावशी मागे रडत होत्या, पाठीला कळत होतं. गावाबाहेर पडल्यावर त्यांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "त्या सिगावेच्या मास्तरला लिही. डोंगरावरची जागा कोरी सोडली म्हणून लिही. मत्ते, आणखी लिही, एका ठिकाणी उत्तर द्यायला गेले होते."

"लिहिते, मावशी."

"माणूस मेल्यावर गेले," त्या म्हणाल्या. "तेही लिही."