रिकामी मांडणी

वरची खोली भाड्याने द्यायची आहे. तिच्यात काय काय ठेवावं, याचा माझ्या डोक्यात नुसता गोंधळ झालाय. हे म्हणतात, "पलंग, पंखा, शेगडी ठेव. सगळं तयार असलं की माणूस लगेच येतो." म्हणून मी भिंतीवरची मांडणीसुद्धा भांड्यांनी भरून टाकली.

आज एक नवं जोडपं खोली बघून गेलं. नवरा पंखा लावून बघत होता. ती मात्र मांडणीपुढे उभी राहिली. एका वाटीला तिने बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं. निघताना हळूच म्हणाली, "काकू, ही मांडणी रिकामी मिळेल का? आईने दिलेली भांडी आहेत माझ्याकडे."

"घ्या! आयतं मिळतंय तर हिला नकोय," नवरा हसला. ती लाजली. मीही नुसतं "बघते हं" म्हणाले.

मी लग्न होऊन आले तेव्हा या घरात सगळंच होतं. भांड्यांवर सासूबाईंचं नाव होतं. माझं नाव घातलेला माहेरचा डबा माळ्यावर गेला, तो तिथेच राहिला. मला असं विचारता आलं नव्हतं.

मग खोली द्यायची म्हणजे वस्तू द्यायच्या की जागा? पलंगही तिला नको असेल का? शेगडी? काही कळत नाही.

मांडणी मी रिकामी केली. मग माळ्यावरून माझा डबा काढून पुसला आणि तो हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले. कुठे ठेवावा ते सुचेना. अजून ओट्यावरच आहे.