आमेन म्हणायला कोणीतरी

मद्रासजवळच्या आवडी गावात संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरी लागली आणि नगरकडून आम्ही दोघं नवराबायको तिथे आलो. चर्चमध्ये उपदेश तमिळ, गाणीही तमिळ. मराठीत प्रार्थना व्हायची ती फक्त आमच्या क्वार्टरमध्ये, दिवे लागले की. एकाने प्रार्थना करायची, दुसऱ्याने आमेन म्हणायचं. आमची मंडळी एवढीच.

पहिलं मूल जन्मलं आणि लगेच गेलं. त्यानंतर मी ती प्रार्थना टाळू लागलो. टाळतोय असं कधी बोललो नाही. झोपड्यांतल्या मुलांना दूध वाटायचं काम चर्चने काढलं होतं, ते अंगावर घेतलं. कारखाना सुटला की थेट तिथे. परदेशातून आलेली पावडर गरम पाण्यात घोटायची, गुठळ्या मोडायच्या, मुलांच्या डब्यांत ओतायची. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "तुमच्यासारखे आणखी चार असते तर!" मी मान डोलावली. आत काही हललं नाही. खरं सांगायचं तर हात चालू होते तोवर देवाशी बोलायची पाळी येत नव्हती, आणि मला तेच हवं होतं.

घरी आलो की बायको विचारायची, "अहो, आज प्रार्थनेला बसायचं का?"

"प्रभूचंच काम करून आलोय ना," म्हणून मी पान वाढायला सांगायचो.

पुढे तिने विचारणं सोडलं.

एकदा पावडर लवकर संपली म्हणून उजेड असतानाच परतलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत बायको डोळे मिटून म्हणत होती, "प्रभू, यांना माझ्याजवळ बसता येऊ दे." तिच्यासमोर शेजारची तमिळ बाई, कपाळावर मोठं कुंकू, हात जोडून बसलेली. बायको थांबली तशी ती मोठ्याने म्हणाली, "आमेन!"

मला बघून ती उठली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "या सार. तुमच्या देवापायी रोज माझा भात करपतो. आता तुम्ही सांभाळा."

ती गेल्यावर मी विचारलं, "तिला कळतं काय यातलं?"

"एक शब्द नाही," बायको म्हणाली. "पण बसते."

मी चटईवर बसलो. मनगटावर दूध वाळून पांढरं झालं होतं. डोळे मिटले, लगेच उघडले.

"मला जमत नाही गं."

"मग नुसतं आमेन म्हणा."

तिने डोळे मिटले. मग बाळासाठी आम्ही ठरवून ठेवलेलं नाव तिने घेतलं. तेवढंच.

मी आमेन म्हणालो. रडू आलं नाही. बरं वाटलं असंही नाही. पण उठलो नाही.

दुधाचं काम मी चालू ठेवलं. पाळकसाहेबांना फक्त सांगितलं, दिवे लागायच्या आत मला घरी पोचायला हवं.