मनुकांचा रस
मनुका उकळल्याचा वास आला की मला मंगरूळपीरजवळच्या आमच्या गावातल्या चर्चमधला प्रभुभोजनाचा, म्हणजे प्रभू येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा, एक रविवार आठवतो. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मी नवी सून, पोटुशी, आणि डोहाळे लागले ते पाळकसाहेबांच्या बायकोने, म्हणजे मामींनी, प्रभुभोजनाला द्राक्षरस म्हणून काढलेल्या मनुकांच्या रसाचे. शनिवारी मामी विहिरीवर गेल्या आणि मी तो घटाघटा संपवून बाटलीत अंबाडीच्या बोंडांचं लालभडक गूळपाणी भरलं. रविवारी मंडळींची तोंडं आंबट झाली. आमच्यात मनात पाप असेल त्याने प्याला न पिता पुढे द्यायचा. मी दिला. सारी रांग वळून पाहू लागली, सासूने चिमटा काढला, सतरंजीवर मला बसवेना. उपासना संपताच मी मामींना गाठलं. “मामी, रस म्या पेला.” “पह्यल्याच घोटाले समजलं मले,” त्या हसल्या. “दोन जिवांची हायेस, मांगून नाही का घ्याचा वो?” मग बाळंत होईपर्यंत दर शनिवारी त्या काठोकाठ भरलेला गडू घेऊन दारात हजर, आणि मला घोट गिळवेना. त्या रागावल्या असत्या तर संध्याकाळपर्यंत मी सारं विसरले असते, आणि आज तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं.