कवडूचं बाकडं

वत्सलाच्या भज्यांच्या टपरीशेजारी माह्यं बांगड्यांचं दुकान. पांढुर्ण्याच्या बाजारात तिच्यासारखी धीट बाई मी पाहिली नाही. मागं वीरेंद्र नावाचा गुंड आला, म्हणे, "हप्ता दे, नाहीतर टपरी जाळतो." तिनं तेल गळता झारा उचलला अन् अख्ख्या बाजारासमोर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. लोक धावून आले. मेला परत फिरकला नाही. दरसाली पोळ्याच्या पाडव्याले नदीवरची दगडांची गोटमार पाहणाऱ्या बाया आम्ही, समोरून येणारा दगड चुकवता येते.

पण बाजाराच्या दिवशी कवडू आला की हीच वाघीण शेळी व्हायची. तो म्हातारा मूळचा रामाकोन्याचा, आता सावरगावले राहे. बाकड्यावर बसून गोड आवाजात इतकंच विचारे, "बाई, पोरगा बरा आहे ना?" ती मुकाट्यानं प्लेट द्यायची, वरून घरी न्यायले डबा भरून द्यायची.

मी एकदा चिडलीच. "याले काहून पोसून राहिली वो? पोलिसात जा."

तेव्हा ती रडली. तिचा पोरगा अतुल तिच्या पोटचा नव्हता. रामाकोना स्टेशनावर फडक्यात गुंडाळलेला सापडला. तिनं अन् नवऱ्यानं, हिरामणनं, त्याले उचललं अन् गाव सोडलं. कवडूनं पाहिलं होतं.

"वीरेंद्रवर ओरडता आलं," ती म्हणे. "याच्यावर ओरडली तर माह्यं पोरगंच ऐकन. मंग माह्याजवळ राहीन का तो?"

पेपरवाले खंडणी अन् ब्लॅकमेल एकाच रांगेत छापतात. त्यायनं वत्सलाले फरक विचारावा.

अतुल ऑटो चालवते. कवडूले तो फुकटात सावरगावले सोडे. मले वाटे, गुणाचं पोरगं.

पोळ्याच्या आधी कवडू मेला. पुढच्या बाजारी वत्सलानं सवयीनं प्लेट भरून रिकाम्या बाकड्यावर ठेवली, अन् स्वतःच दचकली. तेवढ्यात अतुलचा ऑटो नेहमीच्या जागी येऊन थांबला.

"कोणाची वाट पाहून राहिला?" तिनं विचारलं.

"तू कोणासाठी प्लेट भरली, माय?"

मग तोच हळू बोलला, "मी शाळेत होतो तेव्हाच त्यानं सांगितलं मले. म्हणे, तुले माहीत आहे हे मायले समजलं तर ती जीव देईन."

एकाच गुपिताचं मेल्यानं दोन्हीकडून खाल्लं. माह्या अंगाचा तिळपापड झाला. अतुल मात्र बाकड्यावर बसला अन् ती प्लेट खाऊ लागला. "थांब, गरम देते," वत्सला म्हणाली, अन् तिनं कढईत नवा घाणा सोडला.

बाकडं आता काढून टाकलं. तरी एखादं गिऱ्हाईक सहज विचारते, "बाई, पोरगा बरा आहे ना?" अन् तिचा हात कढईवर थांबते. बाजाराच्या दिवशी ऑटो सुरू करण्याआधी अतुल अजूनही मागची सीट वळून पाहते.